सदतीस पूर्णांक पाच

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी उबवणी पेटीचं झाकण उघडण्यात आलं. दुसऱ्या खेपेचा तो एकोणतिसावा दिवस होता. आत वीस अंडी होती. सगळी छान ऊबदार होती आणि सगळी मेलेली होती.

ठेवली होती बावीस. दोनांतून पिल्लं आली, तीही सव्विसाव्या दिवशी, म्हणजे ठरल्या वेळेच्या दोन दिवस आधी. दोघांचीही बेंबी नीट मिटलेली नव्हती. एक त्याच संध्याकाळी गेलं. दुसऱ्याने बुटांच्या खोक्यात दीड दिवस काढला. उरलेली वीस अंडी सुनेने मोरीत बसून एकेक फोडून पाहिली. तेरांत पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, पिसांसकट. चार अर्ध्यावर थांबलेली. तीन वांझ. पहिल्या खेपेचा हिशेबही जवळपास असाच होता : वीस अंडी, तीन पिल्लं, आठवड्याअखेर शून्य.

"नोंद करा," घरातले वडील म्हणाले, आणि कुणी काही करण्याआधी त्यांनी स्वतःच केली.

हे वडील म्हणजे वजनमापं आणि तापमापकांच्या सरकारी कार्यालयातले निवृत्त मुख्य तपासनीस. बत्तीस वर्षं त्यांनी इतरांचे तापमापक तपासले, त्यांवर लाखेची मोहोर ठोकली आणि प्रमाणपत्रावर सही केली. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, पण गल्लीत अजून सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. बदकं त्यांच्या पत्नीची. घरामागच्या अंगणात पाच माद्या आणि एक नर. गल्ली तिला बदकवाल्या बाई म्हणे, घाईत असली की नुसतंच बाई. तिच्या माद्या अंडी भरपूर घालत, पण त्यांवर बसायचं नाव घेत नसत. अंडं घातलं की पाठ फिरवून चालत्या होत. म्हणून पेटी.

पेटी मुलाने बनवली होती. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. जुन्या फ्रिजचं खोकं, आत दोन बल्ब, एक छोटा पंखा, पाण्याचा उथळ ट्रे, समोर काचेची खिडकी, बाजूला हवेचं भोक आणि उष्णता कमी-जास्त करायचं एक काळं बटण. काम चोख होतं. पण तापमान किती आहे हे सांगायला पेटीत जे टांगलं होतं ते मुलाचं नव्हतं, वडिलांचं होतं.

तो तापमापक हातभर लांब. लाकडी पट्टी, तिच्यावर अंशांच्या खुणा आणि पट्टीवर दोन पितळी पकडींनी धरलेली काचेची नळी. खालच्या पकडीच्या स्क्रूवर तांबडी लाख आणि लाखेत उमटलेली कार्यालयाची मोहोर. निरोप समारंभात कार्यालयाने तो त्यांना भेट दिला होता. या तापमापकाशी ताडून त्यांनी आयुष्यभर बाकीचे तापमापक पास-नापास केले होते. पेटीत तो सदतीस पूर्णांक पाच दाखवत असे. बदकाच्या अंड्याला हवं तेवढंच. पहिल्या दिवसापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, दोन्ही खेपांत.

आणि तरीही अंडी मरत होती. म्हणजे चौकशी आली.

तपासनिसांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि पट्टीने रेघा मारून संभाव्य कारणांचा तक्ता तयार केला. एकूण पंधरा कारणं. पहिलं कारण होतं नर. त्याला घरात हवालदार म्हणत, कारण तो छाती काढून अंगणभर गस्त घाली आणि काम काय करतो ते कुणाला ठाऊक नसे. तपासनीस सलग तीन दिवस अंगणात खुर्ची टाकून बसले आणि हवालदाराच्या कर्तव्यपालनाची वेळेनिशी नोंद ठेवली. मंगळवारी चार वेळा. बुधवारी पाच. गुरुवारी सकाळी दोन, मग वही पाहून तो निघून गेला आणि दुपारपर्यंत फिरकला नाही.

"लाज वाटते का काही?" बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"त्याला?"

"तुम्हाला!"

नर निर्दोष ठरला. दुसरं कारण खाद्य, तिसरं घाण अंडी, चौथं फार दिवस ठेवलेली अंडी. सगळी निर्दोष. पाचवं कारण अंडी फिरवण्याचं. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल आणि दिवसातून तीन वेळा आलटून पालटून. हे काम तपासनीस स्वतः करत, त्यामुळे त्यात दोष निघण्याचा प्रश्न नव्हता. सहावं कारण पेटीतला ओलावा. सातवं वीज जाणं. आठव्या कारणापासून मात्र चौकशीने घरच्या माणसांकडे मोहरा वळवला. आठवं : मुलाचं काळं बटण. नववं : सुनेचे हात. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि तिच्या हातांना जंतुनाशकाचा वास येतो, तो अंड्याच्या कवचातून आत जात असावा, असं तपासनिसांचं मत पडलं.

"बाबा, त्या वासाने जंतू मरतात," सून म्हणाली. "पिल्लं नाही मरत. आमच्याकडे रोज बाळं होतात."

"त्यांना कवच नसतं," तपासनीस म्हणाले आणि नवव्या कारणापुढे 'संशय कायम' असं लिहिलं.

चौदावं कारण शेजारच्या पाववाल्याच्या भट्टीचा धूर. पंधरावं, म्हणजे शेवटचं, तापमापक. त्यापुढच्या रकान्यात त्यांनी कुणालाही न विचारता, जागच्या जागी लिहिलं : मोहोर शाबूत. प्रश्न उद्भवत नाही.

हा तक्ता पूर्ण झाला त्याच दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, हवालदार मेला. कुंपणाच्या खालच्या फटीतून कुत्रा आत शिरला. माद्या ओरडत पाण्याच्या टाकीत गेल्या. हवालदार गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने नावाला साजेसं काम केलं.

बाईंनी त्याला स्वतः पुरलं. दहा दिवसांचा होता तेव्हा त्यांनी त्याला पदराच्या ओच्यात आणलं होतं. सहा वर्षं तो त्यांच्या पायात पायात फिरला. दुकानापर्यंत मागे येई. त्याचं एकही पिल्लू जिवंत नव्हतं. दोन खेपांत पाच जन्मली आणि पाचही गेली. नर गेल्यावरही माद्यांची अंडी काही दिवस फळतात हे बाईंना माहीत होतं. पुढच्या चार दिवसांत त्यांनी बारा अंडी गोळा केली, टोकाची बाजू खाली करून थंड कोपऱ्यात ठेवली आणि पाववाल्याकडे गेल्या.

पाववाल्याकडे कोंबड्या होत्या. तो बदकाची अंडीही अंड्यांवर बसायला आलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवी आणि दहातली नऊ फोडून घेई. ना तापमापक, ना वही.

"वहिनी, आठ दिवस आधी आला असतात तर," तो म्हणाला. "माझी खुडूक आत्ताच पिल्लं घेऊन उठलीय. दुसरी बसायला महिना जाईल. जबरदस्तीने बसवली तर अंडी फोडून खाईल."

"मग?"

"मग काय, पेटी आहेच की तुमच्याकडे. सरकारमान्य."

बाईंनी त्याला हाताला धरून घरी आणलं. तपासनीस फिरायला गेले होते. पाववाल्याने पेटीचं झाकण जरासं वर केलं, पीठ लागलेला हात कोपरापर्यंत आत घातला आणि तोंडातल्या तोंडात वीस आकडे मोजले.

"गरम आहे," तो म्हणाला.

"सदतीस पाच आहे."

"असेल. पण कोंबडीच्या पोटाखाली हात घालतो ना, तिथे एवढं नसतं. वहिनी, बत्तीस वर्षं भट्टीत हात घालतोय मी. पाव करपला की घरी भाकरी मिळत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

नेमके तेव्हाच तपासनीस परतले.

"हात," ते म्हणाले, "हे प्रमाणित उपकरण नाही."

"नाही ना साहेब. म्हणून तर त्याला कुणी मोहोर ठोकत नाही."

पाववाला हसत निघून गेला. तिसरी खेप पेटीत ठेवली गेली. बारा अंडी, सदतीस पूर्णांक पाच.

सातव्या दिवशी खोलीत पडदे ओढून सुनेने एकेक अंडं टॉर्चवर धरलं. अकरांत लाल कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या आणि मधोमध हलणारा ठिपका. एक वांझ. बाई प्रत्येक अंड्याला बोट लावून अकरापर्यंत मोजत होत्या, तीन वेळा मोजून झालं तरी.

"आई, हलतायत बघा. सगळी चांगली आहेत."

"मागच्या वेळीही सातव्या दिवशी चांगलीच होती."

सुनेने टॉर्च बंद केला. मोरीत वीस अंडी तिनेच फोडली होती. त्यांतली तेरा पूर्ण वाढलेली, पिसांसकट. जी आली ती वेळेआधी आली आणि बेंबी उघडी घेऊन आली. दवाखान्यात ती बाळं ठेवायच्या काचेच्या पेटीवर काम करत होती. काचेतलं बाळ लालबुंद झालं तर डॉक्टर आधी काय तपासतात हे तिला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर आणला. सासरे फिरायला गेल्यावर दोघींनी तो दोऱ्याला बांधून हवेच्या भोकातून आत सोडला आणि दहा मिनिटं घड्याळ पाहत बसल्या. बाहेर काढला : अडतीस पूर्णांक सहा. झटकून पुन्हा सोडला : अडतीस सहा. तिसऱ्यांदा : अडतीस सात.

खिडकीतून तपासनिसांचा तापमापक शांतपणे सदतीस पाच दाखवत होता.

"एक अंश," सून म्हणाली. "वर थोडं. आई, एक अंशाने माणसाला ताप चढतो. ही बिचारी आठ दिवस तापात आहेत."

संध्याकाळी ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर मांडण्यात आली. मुलाला वाटलं, आकडे पाहिल्यावर वडील समजतील. मुलं किती आशावादी असतात!

"तो थर्मामीटर माणसाच्या तोंडासाठी प्रमाणित आहे," तपासनीस म्हणाले. "हवेसाठी नाही."

"बाबा, उष्णतेला काय ठाऊक ती तोंडात आहे की पेटीत?"

"तिला ठाऊक नसतं म्हणूनच तपासनीस नेमावे लागतात."

"परवा एका इमारतीत गेलो होतो," मुलगा म्हणाला. "लिफ्टचा दिवा दाखवतो तिसरा मजला. दार उघडलं तर समोर भिंत. आता दिव्यावर विश्वास ठेवायचा की भिंतीवर?"

"त्या लिफ्टच्या दिव्याला मोहोर होती का?"

"नाही."

"मग उदाहरण गैरलागू."

बाईंनी आमटीचं भांडं खाली ठेवलं. "अहो," त्या म्हणाल्या, "एकदा बर्फात घालून बघा ना. लोकांच्या तापमापकाला तुम्ही तेच करायचात. विरघळत्या बर्फात शून्य दिसलं तर पास. तुम्हीच सांगायचात मला, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. दुसरं काही बोलायचं सुचत नव्हतं तेव्हा."

तपासनिसांनी ताटातला घास संपवला. "ज्याच्याशी ताडून बाकीचे पास केले," ते म्हणाले, "त्याला आता परीक्षेला बसवायचं? अगं, मग ते बाकीचे काय?"

ते उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन सरकारं सुरू झाली. तपासनीस सकाळ-संध्याकाळ फिरायला बाहेर पडले की बाई काळं बटण किंचित मागे फिरवत. ते परतले की खिडकीतून पाहत : छत्तीस चार. कपाळाला आठ्या घालून ते बटण पुन्हा पुढे सारत आणि वहीत लिहीत : 'अज्ञात कारणाने घट. दुरुस्ती केली.' मग ते वर्तमानपत्र घेऊन बसले की बाई पुन्हा मागे. वहीत सहा दिवसांत 'अज्ञात कारण' अकरा वेळा आलं. ते अज्ञात कारण त्याच खोलीत बसून भाजी निवडत होतं.

चौदाव्या दिवशी पुन्हा टॉर्च लागला. अकरांपैकी दोन काळी, स्तब्ध. नऊ उरली.

"सारखं गरम-गार होतंय," सून हळू आवाजात म्हणाली. "आई, आपण दोघी एकीकडे ओढतोय आणि बाबा दुसरीकडे. याने जास्त मरतील. एक काय ते ठरवा."

बाईंनी ठरवलं. दुसऱ्या आठवड्यापासून बदकाच्या अंड्यांना रोज पंधरा मिनिटं झाकण उघडून गार हवा द्यावी लागते. मादी घरट्यावरून उठून पोहायला जाते, तसं. पंधराव्या दिवशी सकाळी दहा वाजता झाकण उघडताच बाईंनी तापमापक उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि टेबलावर ठेवला. शेजारी उंच पातेलं होतं. त्यात कुटलेला बर्फ आणि बर्फ भिजेल इतकं पाणी.

"मी नाही घालणार," त्या म्हणाल्या. "तो तुमचा आहे. पंधरा मिनिटं आहेत. नंतर मी तो जसाच्या तसा परत टांगीन आणि बटणाला हात लावणार नाही. हवालदाराचं एकही मागे राहिलं नाही तरी ब्र काढणार नाही. पण तुम्ही बघा."

तपासनीस उभे राहिले. मग बसले. त्यांनी चष्मा पुसला. बर्फ हाताने दाबून नीट बसवला, कडेला पोकळी राहू नये म्हणून. ही सवय बत्तीस वर्षांची, ती मनाला विचारत नाही. तापमापक आत सोडला आणि घड्याळ पुढ्यात ठेवलं. पाच मिनिटांनी डोळे पाऱ्याच्या रेषेत आणून त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. पारा शून्याच्या खाली होता. उणे एक पूर्णांक एक.

"पाणी शुद्ध नसेल," ते म्हणाले.

त्यांच्या कार्यालयात नापास झालेला प्रत्येक दुकानदार हेच म्हणत असे. बाईंना ते माहीत होतं, कारण या वाक्यावर ते घरी येऊन हसत. बाई हसल्या नाहीत.

तपासनिसांनी भिंग आणलं. लाखेची मोहोर शाबूत होती, तडासुद्धा नव्हता. पण वरच्या पकडीच्या आत नळीखाली जी कातड्याची पट्टी असते ती सुकून आकसली होती, आणि नळी आपल्या वजनाने खाली घसरली होती. किती? भिंगातून पाहावं लागेल इतकी. एक अंश आणि थोडं वर. मोहोर स्क्रूवर होती आणि स्क्रू हलला नव्हता. हलली होती ती नळी, आणि नळीवर मोहोर ठोकता येत नाही.

"कधी घसरली असेल?" बाईंनी विचारलं.

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मागच्या महिन्यात घसरली की बारा वर्षांपूर्वी, हे भिंगातून दिसत नव्हतं. झाकण उघडून सोळा मिनिटं झाली होती. तापमापक पुसून त्यांनी स्वतः पेटीत टांगला.

नळी केसभर वर सरकवून पकड घट्ट करणं हे दोन मिनिटांचं काम. मुलाने स्क्रूड्रायव्हर आणूनही ठेवला. पण त्यासाठी मोहोर फोडावी लागणार होती आणि मोहोर फोडायचा अधिकार फक्त मुख्य तपासनिसाला.

"तुम्हीच ना मुख्य तपासनीस?" मुलाने विचारलं.

"होतो."

"मग आकड्यातून एक पूर्णांक एक वजा करून वाचा, झालं."

"मोहोरबंद उपकरणाचं वाचन जसं दिसेल तसं नोंदवावं," तपासनीस म्हणाले. "मनाने बेरीज-वजाबाकी करू नये. परिपत्रक आहे."

"कुणाचं?"

"माझं."

त्या दुपारी त्यांनी कार्यालयाला अर्ज लिहिला. मोहोरबंद उपकरणात दोष आढळला असून मोहोर फोडण्याची परवानगी मिळावी. सोबत बर्फ-चाचणीचे आकडे जोडले. उणे चिन्ह काढताना पेन जरा थांबलं, पण काढलं. अर्ज टाकून ते घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळ नसताना फिरायला निघाले. दारात चपला घालताना ते मोठ्याने खोकले.

"मी तासाभराने येईन," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी बटण मागे फिरवलं. छत्तीस चार. खऱ्या हिशेबाने सदतीस पाच. तपासनीस परत आले, खिडकीतून पाहिलं, वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि बटणाला हात न लावता वर्तमानपत्र घेऊन बसले. ते आंघोळीला गेल्यावर बाईंनी वही पाहिली. आत पारा छत्तीस चारवर होता. वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ३७.५.

बाईंनी वही होती तशी मिटून ठेवली. सुनेलासुद्धा सांगितलं नाही. पुढचे बारा दिवस वहीत रोज तीन वेळा ३७.५ लिहिलं गेलं. पारा रोज तीन वेळा छत्तीस चार होता. 'अज्ञात कारण' पुन्हा एकदाही आलं नाही.

पंचविसाव्या दिवशी नऊच्या नऊ अंड्यांत हालचाल होती. फिरवणं थांबलं, ट्रेमध्ये जास्तीचं पाणी ओतलं गेलं आणि झाकण बंद झालं. आता पिल्लं बाहेर येईपर्यंत ते उघडायचं नव्हतं. सुनेने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पेटीवर चिकटवलं. झाकण उघडलं की आतला ओलावा जातो, कवचाखालचा पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटतो, आणि अर्धं बाहेर आलेलं पिल्लू तिथेच अडकून मरतं. हे तिने सगळ्यांना एकेकाला समोर बसवून सांगितलं. पाववाल्यालाही.

"मला कशाला सांगतेस, पोरी? माझी कोंबडी माझं ऐकत नाही, झाकण कसलं उघडतोय मी."

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी खिडकीजवळच्या अंड्याला टवका उडाला. आतून चोच दिसली. बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या तिथेच बसल्या. जेवायला उठल्या नाहीत.

दुपारी सव्वातीनला दारावरची घंटा वाजली.

बाहेर कार्यालयातले कनिष्ठ तपासनीस उभे होते. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, हातात कापडी पिशवी आणि पावतीपुस्तक. त्यांना हे काम तपासनिसांनीच शिकवलं होतं आणि एकदा अर्जावर तारीख विसरल्याबद्दल चार मजले परत पाठवलं होतं. ते आत आले, वाकून नमस्कार केला, दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, तुमचा अर्ज मिळाला. मोहोरबंद उपकरणात दोष आहे अशी लेखी सूचना आली की उपकरण ताबडतोब ताब्यात घ्यावं लागतं. कलम तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे."

"तुम्हीच घातलं होतं ते."

"माहीत आहे म्हटलं ना."

"साडेपाचला कार्यालय बंद होतं. त्याआधी जमा करायचंय. आज राहिलं तर ताब्यात देण्यास नकार अशी नोंद होते. मग तपासणी मागच्या तारखांपासून लागते. सगळ्या दाखल्यांची. म्हणजे तुमच्या सहीच्या." ते अवघडून थांबले. "मला नाही आवडत साहेब हे. कुठे आहे तो?"

बाई खुर्चीवरून न उठता म्हणाल्या, "पेटीत. आणि पेटी उघडत नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाई."

"दोन मिनिटांत मरतं ते."

कनिष्ठ तपासनीस खिडकीशी वाकले. तिथे दोन अंड्यांना टवके होते, सकाळचं एक आणि आत्ताच उडालेलं दुसरं. एका टवक्यातून चोच दिसत होती आणि आतून बारीक चिवचिव येत होती. मग त्यांची नजर तापमापकावर गेली, तिथून शेजारच्या वहीवर. बत्तीस वर्षांचं शिक्षण फुकट जात नाही, ते ज्याला दिलं त्याच्यातही राहतं.

"साहेब," ते हळू म्हणाले, "इथे आज दुपारी सदतीस पाच लिहिलंय. आत छत्तीस चार दिसतंय."

मुलगा तेवढ्यात कामावरून येऊन दारात उभा राहिला होता. त्याने खांद्यावरची हत्यारांची पिशवी खालीसुद्धा ठेवली नाही.

"नोंद कुणाची आहे?"

"माझी," तपासनीस म्हणाले.

"चुकून झाली का?"

तपासनिसांनी बाईंकडे पाहिलं. बाई अंड्यांकडे पाहत होत्या.

"नोंद बरोबर आहे," तपासनीस म्हणाले. "तापमापक चुकीचा आहे."

चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. सून स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती पुन्हा आत गेली आणि तिने आणखी एक कप चहा टाकला.

"मग साहेब, तो ताब्यात देणं आणखीच..."

"देणार ना. नियम आहे." तपासनीस खुर्ची सरकवून पेटीच्या आणि पाहुण्याच्या बरोबर मध्ये बसले. त्यांनी हात पुढे केला. "अधिकारपत्र दाखवा."

"अधिकारपत्र? साहेब, तुम्ही मला वीस वर्षं ओळखता."

"ओळख हे प्रमाणित कागदपत्र नाही."

कनिष्ठ तपासनिसांनी पिशवीतून अधिकारपत्र काढलं. ते पावणेदोन पानांचं होतं. तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चौथ्या ओळीत त्यांना उपकरणाचा क्रमांक अस्पष्ट वाटला. तो वहीतल्या क्रमांकाशी, मग निरोप समारंभात भेटीसोबत मिळालेल्या पितळी पाटीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा लागला. पाटी माळ्यावर होती. शिडी मुलाने आणली, सावकाश.

शेवटची हाती आलेली माहिती अशी : पाच वाजून पाच मिनिटांनी पेटीचं झाकण बंद होतं. नऊपैकी तीन अंड्यांना टवके होते. पहिल्या अंड्याची चीर अर्ध्या घेरापर्यंत गेली होती, पिल्लू दम खात होतं. कनिष्ठ तपासनिसांचा तिसरा कप चालू होता आणि ते घड्याळाकडे पाहत होते. तपासनीस दुसऱ्या परिच्छेदावर होते. एका अक्षरावरचा शिक्का पुसट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.